मेगा ड्राइव्हचं चित्र साफ करून आठ महिने : जेल रोड आणि आकाशातले गज

मागच्या शनिवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपून, हात पुसून मेगा ड्राइव्ह (सेगाचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन) लावला, तर गेममधला निळा सोनिक काळा. आकाश काळं, ढग पिवळेजर्द, नारळाची झाडं मात्र नेहमीसारखी हिरवीगार. मुलगा म्हणाला, "बाबा, यात नाइट मोडपण आहे?" नाइट मोड कसला, आरजीबीतला (लाल, हिरवा, निळा) बी गेला होता. जानेवारीत चित्र साफ करायला पैसे मोजून बसवलेल्या बायपास बोर्डाची निळी वाट बंद. पांढऱ्यातून निळा वजा केला की पिवळा उरतो हे शाळेत शिकलो होतो, पण त्याचं इतकं महाग उदाहरण पहिल्यांदाच पाहिलं.

खरं तर हा अनुभव मी जूनमध्येच लिहून ठेवला होता. तेव्हा पाचपैकी दोन गुण दिले होते आणि भाषा जरा जास्तच तिखट होती. त्यातलं अर्धं आता खोडतोय. अर्धं तसंच राहील.

मशीन पहिल्या मॉडेलचं, पाल (म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचं), मामाने १९९३ मध्ये मस्कतहून आणलेलं. ज्यांच्याकडे आहे त्यांना बाकी सांगायला नको. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये मेगा ड्राइव्ह भारतात आणला तेव्हा किंमत होती १८,००० रुपये, आणि मामाचे उपकार केवढे मोठे होते ते आमच्या घराला तेव्हा कळलं. नाना गणिताचे शिक्षक. अठरा हजार म्हणजे त्यांचे किती पगार, हे त्यांनी तिथल्या तिथे तोंडी करून दाखवलं होतं.

तीस वर्षं हे मशीन नानांच्या खोलीतल्या डब्बा टीव्हीवर पिवळ्या वायरीतून (सगळे रंग एकाच तारेत कोंबणारी साधी एव्ही वायर) चाललं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आल्यावर. जेल रोडवरून, म्हणजे आमच्या इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, ४५० रुपयांची एव्ही टू एचडीएमआय डब्बी आणली. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की बटण दाबल्यावर सोनिक उडी मारायचा, पण खड्ड्यात पडल्यानंतर. घेऊ नका.

मग रीतसर काम काढलं. बाहेरून बायपास बोर्ड मागवला, टीएचएस ७३७४ चिपवाला. कल्पना साधी आहे. मशीनमध्ये सोनीची सीएक्सए ११४५ चिप रंग पुढे पाठवते, तिला वगळायचं आणि थेट व्हीडीपीच्या (चित्र तयार करणाऱ्या चिपच्या) पिनांवरून लाल, हिरवा, निळा उचलून या छोट्या बोर्डातून दुप्पट करून मागच्या सॉकेटला द्यायचा. पुढे आरजीबीची वायर आणि जुना वापरलेला ओएसएससी, म्हणजे जुन्या मशीनचं चित्र नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला जुळवून देणारी पेटी. हा अख्खं चित्र साठवत बसत नाही, ओळ आली की तीच दोनदा-तीनदा पुढे ढकलतो, त्यामुळे उशीर जवळजवळ नाहीच. डाग लावायचं (सोल्डरिंगचं) काम जेल रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका मेकॅनिकने केलं. मजुरी ८००, त्यात ५०/६० हर्ट्झचा, म्हणजे गेमचा वेग बदलायचा, खटकाही बसवून दिला.

पहिल्या दिवशी चित्र पाहून मी खरोखर गप्प झालो. अक्षरं कोरल्यासारखी, लाल रंग कुठेही सांडत नाही, सोनिकच्या बुटाची पांढरी पट्टी दिसते. तीस वर्षांत मला ती पट्टी माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गज दिसले.

निळ्या आकाशात उभ्या, फिकट, अगदी बारीक पट्ट्या. याला जेलबार म्हणतात. जेल रोडवरून दुरुस्त करून आणलेल्या मशीनमध्ये जेलचे गज निघावेत, यावर मित्रांनी जे विनोद केले ते मी इथे लिहीत नाही. बायकोला दाखवले, तिला दिसले नाहीत. मुलाला दाखवले, तो म्हणाला "हां, असतील." नानांनी चष्मा बदलून पाहिलं आणि म्हणाले, "तू जेवलास का?" स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात पहिल्या येणाऱ्या शहरात राहायचं आणि स्वतःच्या घरातलं आकाश असं मळकट ठेवायचं, हे मला काही केल्या पटेना. गंमत अशी की गज आधीही होतेच. पिवळ्या वायरीच्या धुक्यात ते लपलेले होते. दोन हजारांवर पैसे खर्च करून मी फक्त ते नीट दिसण्याची सोय केली होती.

मार्चपर्यंत मी जे जे बदलता येईल ते बदललं. नवीन ॲडॉप्टर घेतला, ९ व्होल्टचा. (पहिल्या मॉडेलला आतला टोक ऋण लागतो, दुकानदार उलटा देतात, बघून घ्या.) त्याने चित्रावर तिरक्या सरकणाऱ्या लाटा गेल्या. गज जागेवर.

आणि मग मला धबधबा दिसला. सोनिकच्या पहिल्याच टप्प्यातला धबधबा, जो लहानपणी काचेसारखा पारदर्शक होता, तो आता कंगव्यासारखा. उभ्या रेघा, एक आड एक. माझी खात्री पटली की बोर्ड तरी बोगस आहे किंवा डाग तरी कच्चे. मशीन पिशवीत घातलं आणि जेल रोड गाठला.

भांडण चांगलं अर्धा तास चाललं. ८०० परत द्या, इथपासून सुरुवात. तो म्हणाला, बोर्ड तुम्ही आणलात. मी म्हणालो, हात तुमचा. त्याने दुकानातल्या जुन्या टीव्हीला पिवळी वायर लावून दाखवली, धबधबा झकास. मी म्हणालो, बघा, म्हणजे बिघाड तुमच्याच कामात. तर तो म्हणतो, "भिया, पहले झरना नहीं, धुंध देख रहे थे आप." मग त्याने जे केलं त्याला मी आजही मानतो. आरजीबी लावून सोनिकला हळूहळू पुढे चालवलं आणि बोट पडद्यावर ठेवलं. पडदा सरकला तशा धबधब्याच्या रेघाही धबधब्याबरोबर सरकल्या. बिघाडाच्या रेघा असत्या तर काचेला चिकटून जागेवरच राहिल्या असत्या.

म्हणजे त्या रेघा गेमनेच काढलेल्या. हे मशीन खरी पारदर्शकता दाखवू शकत नाही, म्हणून एक आड एक उभी ओळ रंगवायची आणि पिवळी वायर त्या ओळी एकमेकींत मिसळेल यावर विसंबायचं, ही त्या काळची युक्ती. वायरीचा दोष हिशेबात धरून काढलेलं चित्र. मी तो दोष काढला आणि धबधबा मोडला.

पण मी सोडलं नाही. आता आकाशावर बोट ठेवा, म्हणालो. ठेवलं. आकाश सरकलं, गज सरकले नाहीत. तो हसला. "ये वाले असली हैं." धबधबा त्याचा, आकाश माझं, असा निकाल लागला. ८०० काही मिळाले नाहीत, चहा मिळाला. जूनमधल्या दोन गुणांत या माणसाविषयी जे लिहिलं होतं ते खोडलंय.

गज कुठून येतात ते त्यानेच सांगितलं, आकडे मी घरी येऊन शोधले. पाल मशीनचं मूळ घड्याळ ५३.२० मेगाहर्ट्झचं. त्याला १२ ने भागलं की ४.४३ मेगाहर्ट्झ, म्हणजे पालची रंगाची लाट, सबकॅरिअर. ही लाट पिवळ्या वायरीसाठीच लागते, आरजीबीला तिचा काही उपयोग नाही. पण ती बोर्डावरून अखंड धावत असते आणि शेजारून जाणाऱ्या रंगांत थोडी थोडी झिरपते. आता, पडद्याची एक ओळ म्हणजे त्या घड्याळाचे ३,४२० ठोके. नानांना विचारलं, ३,४२० भागिले १२? "दोनशे पंच्याऐंशी, बाकी शून्य." तीच तर भानगड आहे! प्रत्येक ओळीत लाटा पूर्ण २८५, त्यामुळे पुढची ओळ लाटेच्या अगदी त्याच टप्प्यावर सुरू होते आणि डागाखाली डाग बसत जातो. बाकी उरली असती तर डाग प्रत्येक ओळीत सरकत गेले असते आणि असा सरळसोट गज उभा राहिलाच नसता. बाकी शून्याचा एवढा राग मला शाळेतसुद्धा आला नव्हता.

उपाय फुकटचा. सीएक्सए ११४५ ची सहा नंबरची पिन, जिथून ही लाट आत जाते, ती बोर्डावरून उचलायची आणि बोर्डावर तिच्याकडे येणारी वाटही तोडायची. जुलैच्या एका रविवारी, बाहेर धो धो पाऊस, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि टाचणी घेऊन मी ते घरीच केलं. पिन नखाच्या कडेएवढी. हात थरथरत होता हे कबूल करतो. टीव्ही लावला. आकाश निळं. सलग, सपाट निळं. मी बराच वेळ सोनिकला एका जागी उभा करून नुसतं आकाश बघत बसलो, आणि तो बिचारा पाय आपटत राहिला.

इथे माझं मत पुन्हा बदललं, आणि या वेळी बायपास बोर्डाच्या विरोधात. बोर्ड आणि मजुरी मिळून २,४५० रुपयांनी माझ्या मशीनवर चार आणे फरक पडला. बारा आणे फरक टाचणीने पडला. पहिल्या मॉडेलच्या सॉकेटवर आरजीबी कारखान्यातूनच येतो, हे मला आधीही माहीत होतं. आज पुन्हा सुरुवात केली असती तर आधी नुसती वायर घेतली असती, मग पिन उचलली असती, आणि त्यानंतरही झोप लागली नसती तरच बोर्ड मागवला असता.

मंगळवारी दुपारी ऑफिसात नानांचा फोन. "अरे, तुझी रत्नं कोळसा झालीत."

हे मी पार विसरलो होतो. नाना रोज जेवणानंतर त्यांच्या खोलीत डब्बा टीव्हीवर कॉलम्स खेळतात. वरून तीन-तीन रत्नं पडतात, एका रंगाची तीन जुळली की नाहीशी होतात. रंगाची लाटच तोडली म्हटल्यावर पिवळ्या वायरीतून रंग येणार कुठून? चित्र येतं, पण काळं-पांढरं. सोनिक काळा-पांढरा चालेल एकवेळ, कॉलम्स कसा चालणार? संध्याकाळी घरी आलो तर ते करड्या रत्नांसमोर हाताची घडी घालून बसलेले. "आकार बघून खेळता येतं," मी म्हणालो. "मग तू आकाशाचा आकार बघ," ते म्हणाले.

दोन महिने मी वेळ मारून नेली. नाना रेडिओ ऐकायला लागले, तेही मुद्दाम मोठ्याने. हॉलमधून त्यांच्या खोलीत आणि परत अशी मशीनची ने-आण थांबली नव्हती, कारण ते रोज एकदा लावून रंग आला का बघायचे. त्या नेण्या-आणण्यातच व्हीडीपीच्या पिनेवर डाग लावलेली केसासारखी निळी वायर सुटली. शनिवारचा काळा सोनिक तो हाच. मेकॅनिकने जानेवारीतच बजावलं होतं, "इसको हिलाना मत." वायरीवर गोंदाचा एक थेंब टाकला असता तर बजावायची वेळच आली नसती, असं मला वाटतं. तो म्हणतो, तेवढे पैसे दिलेच कुठे. सोमवारी १५० घेऊन त्याने वायर परत बसवली, या वेळी गोंदासकट. तिथेच मला सुचलं की रंगाच्या लाटेच्या वाटेत एक खटका का घालू नये? वीस रुपयांचा खटका. चालू केला की नानांना रंग आणि मला गज, बंद केला की मला आकाश आणि नानांना कोळसा.

५०/६० हर्ट्झच्या खटक्याबद्दल मात्र थोडक्यात. ६० वर गेम जसा बनवला तसा धावतो. पाल मशीनवर माझं अख्खं बालपण सहाव्या हिश्शाने संथ चाललं होतं, संगीतासकट. मुलगा ६० वर खेळतो. मी ५०. पहिल्या सोनिकची धून मला तेवढ्याच संथपणाने पाठ आहे, वेगाने ऐकली की कुणीतरी घाईत निघालंय असं वाटतं. (दुसऱ्या सोनिकमध्ये त्यांनी पालसाठी संगीताचा वेग सुधारला होता, तिथे एवढं खटकत नाही.)

हिशेब, नानांनी तपासलेला : डब्बी ४५०, बोर्ड कुरिअरसह १,६५०, ओएसएससी ८,५००, वायर १,९००, मजुरी ८००, ॲडॉप्टर ३५०, निळी वायर १५०, खटका २०. एकूण १३,८२०. शॉ वॉलेसच्या अठरा हजारांना अजून ४,१८० कमी आहेत, हे मी बायकोला सांगून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

गुण आता साडेतीन. अर्धा गुण निळ्या वायरीचा कापला, एक बोर्डाच्या किमतीचा. टाचणी आणि खटका यांना वेगळे गुण देता आले असते तर पाचपैकी पाच दिले असते.

खटक्याच्या दोन बाजूंना मी चिकटपट्टी लावून "रंगीत" आणि "स्वच्छ" असं लिहून ठेवलं होतं. काल बघितलं तर दोन्ही शब्दांपुढे लाल पेन चाललेलं. "रंगीत"पुढे बरोबरची खूण, "स्वच्छ"पुढे फुली.