जायफळ: बियांचं रोप लावावं की कलम?

नारळाच्या वाडीत जायफळ घालायचं तुमचं ठरलं असेल, तर सावली, शिंपणं, शेणखत हे सगळं ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न उरतो तो बियांपासून केलेलं रोप घ्यायचं की कलम, एवढाच. आमच्या वाडीत दोन्ही आहेत. खालच्या अंगाची झाडं वडिलांनी रोपं लावून वाढवली, वरच्या अंगाला मी कलमं लावली. पुढे लिहितोय ते मोजमाप करून काढलेलं नाही. रोज त्या झाडांखाली वावरून झालेलं मत आहे, आणि तुमची जमीन वेगळी असेल तर तुमचं मत वेगळं होऊ शकेल.

रोपाच्या बाजूनं बोलायचं तर पुष्कळ आहे. रोप स्वस्त पडतं आणि घरच्या घरी करता येतं. फळ तडकलं की जायपत्री सोडवून बी लगेच वाळूत पेरायचं, कारण ते सुकलं तर उगवत नाही. रोपाचं झाड सरळ वर जातं, त्याचा बांधा डौलदार असतो, आणि चार माडांच्या मधल्या जागेत ते कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही. वडिलांची झाडं आज पाहिली तर मन भरून येतं. झाड म्हणून कलमापेक्षा ती कितीतरी देखणी आहेत.

पण जायफळात नर वेगळा आणि मादी वेगळी. बियांतून साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि कोणतं झाड काय आहे हे पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही. पहिलं फूल यायला सहा ते आठ वर्षं सहज जातात.

माझा निर्णय इथेच झाला. नर झाडं येतात याचा मला त्रास नाही, ती लागतातच. त्रास आहे तो इतकी वर्षं काहीच न कळण्याचा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा कुणाला आधी पाजायचं हे ठरवावं लागतं. अशा वेळी समोरचं झाड फळ देणार की नाही हेच माहीत नसेल तर ठरवायचं कशावर? सगळ्यांना सारखंच घालायचं. खत सारखं, आळं सारखं, वैशाखात झापांची सावली सारखी. मग सातव्या वर्षी फुलं येतात आणि निम्म्या झाडांनी तुमची मेहनत निव्वळ फुलांत घातली हे समजतं. हिशेब साधा आहे. 50 रोपं लावली तर 25च्या आसपास नर निघणार. दहा माद्यांमागे एक नर पुरतो, म्हणजे तुम्हाला हवेत दोन-तीन. उरलेल्या बावीस-तेवीस झाडांचं काय? ती तोडायची. हाताखाली वाढलेलं, सरळसोट, निरोगी झाड तोडताना काय वाटतं ते मी वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. शिवाय नारळ साडेसात मीटरवर लावलेले असतात, त्यामुळे मधली जागा एकच आणि ठरलेली. तिथे नर निघाला तर ती जागा तेवढी वर्षं अडकली, आणि नवं रोप लावलं तरी पुन्हा तेच कोडं.

लवकर ओळखायच्या युक्त्या तुम्हीही ऐकल्या असतील. पान रुंद असलं तर मादी, फांद्या आडव्या पसरल्या तर मादी, पानाच्या शिरा अमुक दिशेनं वळल्या तर नर. आमच्याकडे येणारे जाणते लोकही हे सांगतात, आणि ते प्रामाणिकपणे सांगतात. खालच्या अंगाला यातलं एकही लक्षण सगळ्या झाडांना लागू पडलेलं मला दिसलं नाही. रुंद पानाचा नर आमच्याकडे आजही उभा आहे. खात्रीची खूण फुलाचीच. नराची फुलं घोसानं येतात आणि अंगानं बारीक असतात. मादीचं फूल एकटंदुकटं येतं आणि बुडाशी फुगीर असतं. एक कळी नखानं उभी चिरून पाहिली तर शंका उरत नाही. तीही पहिल्या बहरावरच पक्की धरू नये. काही नर झाडांवर पुढे थोडी मादी फुलंही येतात, म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी आणखी एखादा बहर पाहावा असं मी म्हणेन. पपईत हाच प्रश्न आहे, पण तिथे लागणीनंतर चार-पाच महिन्यांत फूल दिसतं. खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून नर उपटला की काम झालं. जायफळात तसं केलं तर दोन मोठी झाडं एकमेकांत घुसलेली असतात.

कलम म्हणजे बियांच्या रोपावर (त्याला खुंट म्हणतात) निवडलेल्या झाडाची काडी बांधून केलेलं झाड. त्याचा गुण एका वाक्यात सांगता येतो. ज्या झाडाची काडी, त्याच झाडाचं लिंग. मादीची काडी बांधली की मादीच, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसू लागतं. माझ्या कलमांना पाणी घालताना कोणत्या आळ्यात काय आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते समाधान पैशात सांगता येणार नाही.

कलमाला खोडी नाहीत असं मात्र नाही. जायफळाच्या आडव्या फांदीची काडी वापरली तर कलम झुडपासारखं पसरत जातं, वर चढायला मागत नाही. त्याला काठीचा आधार द्यावा लागतो, खालच्या फांद्या वेळोवेळी छाटाव्या लागतात. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तर झाड उभं वाढतं, पण असे शेंडे एका झाडावर थोडेच मिळतात, म्हणून ती कलमं सहसा कमी असतात. दुसरं म्हणजे जोडाखाली खुंटाला फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर खुंटच झाड होऊन बसतो, आणि तो खुंट बियांचा असल्यामुळे नर की मादी ते पुन्हा कुणाला ठाऊक?

तुमच्याकडे आधीच मोठी नर झाडं असतील तर ती मुळापासून काढायची घाई करू नका. खोड छाटून आलेल्या फुटव्यांवर मादीची काडी बांधता येते. हात बसलेला कलमी मिळाला तर हे चांगलं जमतं, फक्त पुन्हा काही वर्षं थांबण्याची तयारी हवी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं दिलेली ‘कोकण संयुक्ता’ ही जातही पाहण्यासारखी आहे. तिच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. वाडी लहान असेल आणि दोन-चारच झाडं लावायची असतील तर वेगळ्या नरासाठी जागा घालवण्यापेक्षा तिचा विचार करावा.

ज्यांच्याकडे जागा भरपूर आहे, घाई नाही आणि घरात कलम बांधणारं माणूस आहे, त्यांनी रोपं लावली तर मी नको म्हणणार नाही. बाकीच्यांनी कलमाकडे झुकावं असं मला वाटतं. घेताना काडी कोणत्या फांदीची आहे हे आधी विचारा, उभ्या शेंड्याची मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. आणि आसपास कुणाचा नर नसेल तर दहा मादी कलमांमागे एक नर कलम त्याच खेपेत आणून त्याची जागा वाडीच्या मध्यभागी धरा. फुलावर येणारे बारीक किडेच इथे परागीकरण करतात, ते फार लांब जातील या भरवशावर राहू नका.