उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज आणि माझ्या बुलेटचं फुल इंजिन काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथच्या दुकानांच्या रांगेत हे गॅरेज आहे. पाटी नाही. नाव-नंबर देऊ का म्हणून विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "नगं पावणं, हाय तेवढंच काम उरकंना झालंय." तेव्हा नाव देत नाही. पण कास्ट आयर्न (म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या) बुलेटचं इंजिन कोण बांधतं, असं तिथल्या कुठल्याही टर्नरला विचारा, तो हातातलं काम न थांबवता मानेनेच दिशा दाखवेल.

मी साखर कारखान्यात फिटर होतो, त्यामुळे मिस्त्री माप घेतो की नुसता अंदाज मारतो, हे बघायची खोड आहे. या माणसाने मायक्रोमीटर हातात घेण्याआधी तो पुसला आणि शून्य तपासला. तिथेच माझं निम्मं समाधान झालं.

गाडी ३५० सीसी, १९७४ ची. म्हणजे आरसी बुकात १९७४ ची. इंजिन उघडल्यावर त्यात तीन दशकं निघाली. नंबर असलेला क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा खोका, मूळचा. सिलिंडर मिस्त्रींच्या अंदाजाने ऐंशीच्या दशकातला, हेड त्याच्याही नंतरचं. अमलच्या जागी मिककार्बचा कारबुरेटर, आणि टायमिंग कव्हर (टायमिंगच्या गिअरांवरचं बाजूचं झाकण) कुठल्या गाडीचं ते देवालाच ठाऊक. आधीच्या मालकाने जे मिळेल ते बसवत गाडी चालती ठेवली होती, आणि बुलेटमध्ये ते बसतंही. ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० चा स्ट्रोक (पिस्टनची चाल) इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यापासून चेन्नईच्या तिरुवोट्टियूरपर्यंत कित्येक वर्षं तसाच राहिला. त्यामुळे एका सालचा सिलिंडर दुसऱ्या सालच्या क्रँककेसवर सहज उतरतो. घोळ होतो तो इथेच. बसलं म्हणजे जमलं, असं समजून लोक पॅकिंग लावून मोकळे होतात.

मिस्त्रींचा नियम मला पटला. म्हणाले, "हेड कुठल्याबी सालचं घाला, कारबुरेटर घाला, क्लच घाला. त्येलाच्या वाटंवर मात्र भेसळ नाय." बुलेटला तेलाची वेगळी टाकी नसते, क्रँककेसच्याच मागच्या भागात तेल राहतं. क्रँकच्या टोकावरचा वर्म (मळसूत्री गिअर) पंपाचा स्पिंडल फिरवतो, आणि कव्हरमधून आलेलं तेल क्रँकच्या पोटातून बिग एन्डला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, पोचतं. या वाटेवरच्या वस्तू त्यांनी एकेक करून टेबलावर मांडल्या. वर्म आणि स्पिंडल वेगवेगळ्या गाड्यांचे होते, स्पिंडलचे दात एका बाजूने खाल्लेले. दोन्ही काढून नवा जोड घातला. (वर्मला उलटे आटे असतात. जोर लावून सुलट्या दिशेने खोलायला जाणारे बहाद्दर मी पाहिलेत.)

पण खरी करामत पुढे बघायला मिळाली. कव्हर आणि क्रँकचं टोक यांच्यामध्ये एक चिमुकलं सील असतं. जुन्या इंजिनात बुचाचं, पुढे रबराचं. कव्हर दुसऱ्या सालचं असेल तर हे सील कधी कमी दाबलं जातं, कधी कलतं, आणि तेल बिग एन्डला जायच्या ऐवजी टायमिंगच्या खोलीत सांडतं. इंजिन चालतं, आवाजही गोड येतो, आणि एक दिवस घाटात रॉड बोलतो, म्हणजे खडखडायला लागतो. मिस्त्रींनी सीलच्या तोंडाला निळा रंग बोटाने पुसट लावला, कव्हर पॅकिंगसकट बसवून सगळे स्क्रू आवळले आणि पुन्हा खोललं. निळं कडं एका बाजूला अर्धवट उमटलं होतं. मग कव्हरमधली सीलची बैठक लेथवर अगदी केसभर घेतली, परत रंग, परत आवळणं. कडं पूर्ण उमटेपर्यंत हे चाललं. वीस रुपयांच्या वस्तूसाठी एवढा वेळ घालवणारा माणूस मजुरी सांगेल ती द्यावी.

क्रँकचं कामही समोर बसून पाहिलं. नवी पिन, नवा रॉड, फ्लोटिंग बुश. हा बुश रॉडमध्येही मोकळा फिरायला हवा आणि पिनवरही. बाजारातला नवा बुश रॉडमध्ये अडकत होता, तो हातानेच घासून मोकळा केला. मग दोन्ही फ्लायव्हील जोडून लेथच्या सेंटरवर लावली, दोन्ही टोकांना डायल गेज, आणि तांब्याच्या हातोडीने ठोके. सुई दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत स्थिरावल्यावरच पिनचे नट शेवटचे आवळले.

बाजारातून मी एक पूर्ण क्रँक स्वस्तात बघून ठेवला होता, ५०० चा. स्ट्रोक दोन्हींचा ९०, तेव्हा चालेल असं विकणाऱ्याचं म्हणणं. मिस्त्रींनी हात लावायलाही नकार दिला. ५०० चा बोअर ८४, पिस्टन जड, त्यामुळे फ्लायव्हीलचं वजन त्या हिशेबाने काढलेलं. ३५० चा हलका पिस्टन लावला की हँडल हाताला मुंग्या आणणार. क्रँककेसच्या दोन फाका दोन गाड्यांच्या असतील तर तेही काम ते घेत नाहीत. बेअरिंगची घरं एका रेषेत येत नाहीत, असं एका वाक्यात सांगून गिऱ्हाईक परत पाठवताना मी पाहिलं.

आट्यांचा घोळ तर सगळ्या जुन्या गाड्यांना आहे. जुन्या क्रँककेसला इंची आटे, नव्या सामानात मिलिमीटर. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ चा बोल्ट त्यात दोन वळसे खुशाल जातो आणि मग ॲल्युमिनियमची वाट लावतो. माझ्या क्रँककेसमध्ये अशी तीन भोकं निघाली. तिन्ही मोठी करून बुश घातले आणि मूळ इंची आटे पाडले.

इंजिन सुरू करायच्या आधीची एक गोष्ट इतर गॅरेजवाल्यांनी शिकावी. हेडवरच्या पाइपचा बोल्ट ढिला करून तेल आलं की बहुतेक जण खूश होतात. पण रॉकरला (हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) जातं ते परतीच्या पंपाचं तेल. त्यावरून बिग एन्डला तेल मिळतंय हे कळत नाही. यांनी टायमिंग कव्हरवरचा क्रँकसमोरचा प्लग सैल करून, स्पार्क प्लग काढून किका मारायला लावल्या. तिथून तेल पाझरल्यावरच पेट्रोलची कॉक उघडली.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळली जात नाही, कधीच नाही. फोन उचलत नाहीत. वायरिंगला हात लावत नाहीत, ६ व्होल्टचं तर नाहीच. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान मिळतं. पण त्या पानावर कुठला पार्ट कुठल्या सालचा, बोअर किती घेतला, पिस्टन कितवा ओव्हरसाइज, हे सगळं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. मला ते बिलापेक्षा जास्त उपयोगाचं वाटलं. मजुरी आणि मशीनचं काम मिळून २५ हजारांच्या आत झालं. सामान वेगळं, आणि ते तुम्हीच आणायचं.

पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हीए' (व्हिंटेज गाडीचा) नंबर काढायचा विचार असेल, तर आधी नियम वाचा. त्यात गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि रोज रस्त्यावर फिरवायलाही परवानगी नाही. मला गाडी चालवायची आहे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

आता आवाज कसा आहे? थंड इंजिनाला टॅपेट जरा वाजतात, पुशरॉड बोटाने फिरतील इतके मोकळे ठेवलेत म्हणून. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या किकेला निळा धूर येतो, तेल खाली उतरतं त्याचा. मिस्त्री म्हणतात पंपाची तबकडी अजून थोडी घासून बसवावी लागेल. दिवाळीनंतर या म्हणालेत. कुठल्या दिवाळीनंतर ते विचारायचं राहिलं.