चालू घड्याळाचा व्हिडिओ बघून २,७८० रुपये घालवले

डीएस १२८८७ घड्याळाच्या, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर वेळ सांभाळणाऱ्या, चार आयसी (चिप), प्रत्येकी ६५० रुपये, वर कुरियरचे १८०. एकूण २,७८०. चारही मेलेल्या, म्हणजे आतला सेल संपलेला. जुन्या बोर्डांवरून उपटून, माथा घासून, वर नवा तारीख-कोड छापून 'कोरा माल' म्हणून गळ्यात मारल्या.

कळायला हवं होतं ते विकणाऱ्याच्या व्हिडिओतच होतं. जुन्या कॉम्प्युटरचा ४८६ बोर्ड, तारीख-वेळ लावायचा बायोसचा सेटअप उघडलेला, सेकंद पळताहेत. अरे, बोर्डाला वीज आहे तोवर मेलेली आयसीसुद्धा वेळ दाखवतेच! आतला लिथियम सेल लागतो तो वीज गेल्यावर. 'प्लग काढा आणि उद्या लावून दाखवा' एवढंच म्हणायचं होतं, ते सुचलं नाही. पण कारखान्यातून ही आयसी ऑसिलेटर (घड्याळ चालवणारा आतला भाग) बंद ठेवून निघते, म्हणून न वापरलेली पडून राहिली तरी सेल टिकतो. ते ठाऊक होतं, म्हणूनच 'कोरा माल' खरा वाटला. कुणालाही वाटला असता.

बोर्डावर थेट सोल्डर करू नका, आधी २४ पिनांचं सॉकेट बसवा, म्हणजे आयसी नुसती दाबून बसवता आणि काढता येते. आम्ही तीन आयसी सरळ जोडल्या आणि विकणारा म्हणाला, 'सोल्डर केलेला माल परत नाही.' चौथी भिंगाखाली धरली तर पिनांच्या मुळाशी जुन्या सोल्डरचे थेंब होते. पाकीट फोडल्याफोडल्या पिनांचे फोटो काढा. ॲसिटोनचा बोळा फिरवा, छपाई पुसली गेली तर माल परत पाठवा.

पोलीस ठाण्यात 'आयसी म्हणजे काय' हे समजावण्यातच अर्धा तास गेला. अर्ज घेतला, पोच दिली नाही. ऑनलाइन करा म्हणाले. ऑनलाइन केली तर 'माल मिळालेला आहे, हा दिवाणी वाद' म्हणून तक्रार बंद! ग्राहकांच्या हेल्पलाइनला पक्कं बिल हवं. भामटा पक्कं बिल देतो का? वर प्रत्येक जण ऐकवतो, रक्कम किरकोळ आहे. किरकोळ आहे म्हणूनच तो हे बिनधास्त करतो, आणि पुढच्या माणसालाही हाच व्हिडिओ पाठवेल.

खरं तर नवी आयसी घेण्याची गरजच नव्हती. जुनीच दुरुस्त होते. सेलकडे जाणाऱ्या १६ आणि २० या पिना बाहेर येत नाहीत, वर वळून इपॉक्सीत गाडलेल्या असतात. १३ ते २४ च्या रांगेत १३ कडून चौथी ती १६, २४ कडून पाचवी ती २०. तिथे बारीक बिटने बाजूनं हळूहळू घासा, तोंडाला मास्क लावून. धातू चमकला की थांबा, खोल गेलात तर पिनच तुटते. मग त्याच्या वर, सेलकडे जाणारी जोडणी दोन्हीकडे कापा. ती न कापता नवा सेल जोडला तर मेलेला सेल त्याला पिऊन टाकतो. सीआर २०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलच्या होल्डरची धन तार २० ला, ऋण १६ ला. मग प्लग काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी वेळ बघा.