समुद्रातून उगवणारा सूर्य आणि माझे ३१,६१० रुपये

कोकणातल्या मुक्कामाच्या बुकिंगमध्ये मी फसलो. आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" असं विचारायला कुणी फोन करायला नको. ३१,६१० रुपये. अक्षरी एकतीस हजार सहाशे दहा फक्त. हा 'फक्त' चेकवर लिहायची सवय आहे म्हणून लिहिला. पोलीस चौकीतल्या साहेबांनी मात्र तो मनापासून उच्चारला. त्यांच्यावर नंतर येतो.

मी भोसरीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे, बावीस वर्षं. तीन कोटेशनं समोर आल्याशिवाय नट-बोल्टची गोणी घेत नाही. नव्या पुरवठादाराचा जीएसटी नंबर पोर्टलवर तपासल्याशिवाय त्याला चहासुद्धा विचारत नाही. ही फुशारकी नाही, लाज किती वाटतेय ते कळावं म्हणून सांगतोय.

आईचं माहेर केळशी. तिला शहात्तरावं लागलंय आणि दोन वर्षांपासून एकच घोशा होता: एकदा किनाऱ्याकिनाऱ्याने ने रे, हायवेने नको. म्हणून २०२४ च्या डिसेंबरात बेत ठरला. आम्ही चौघं, आई, ताई-भाऊजी आणि त्यांची दोन पोरं, अशी नऊ माणसं आणि दोन गाड्या. ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाड्या जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीवर चढवायच्या, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं आणि वेळास, केळशी, आंजर्ले करत हर्णै. पुढे दाभोळला दुसरी फेरी, वाशिष्ठी ओलांडून धोपावे. मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तवसाळला तिसरी फेरी, शास्त्रीची खाडी, पलीकडे जयगड. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी आणि आंबा घाटाने परत. फेऱ्यांच्या वेळांचा मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता, भरती-ओहोटीच्या रकान्यासकट. पोरं हसत होती. मी म्हणालो, नियोजन याला म्हणतात.

गुहागर ते गणपतीपुळे या पट्ट्यात दोन रात्री एक अख्खं घर हवं होतं. गाव सांगत नाही, खऱ्या मालकिणीला आधीच पुरेसा मनस्ताप झालाय. नकाशाच्या ॲपवर घर सापडलं. चांगले अभिप्राय, चार वर्षांपासूनचे फोटो, विहीर, माडाची वाडी, सगळं खरं. फक्त फोन नंबर खोटा. चोर स्वतःचं घर बनवत बसत नाहीत, दुसऱ्याच्या घरावर आपला नंबर चिकटवतात. त्या ॲपवर माहितीत दुरुस्ती कुणीही सुचवू शकतो. अभिप्राय वाचून खात्री करणाऱ्यांनो, अभिप्राय घराचे असतात, नंबराचे नसतात.

८ डिसेंबर, रविवार. फोनवर एक गोड बोलणारा माणूस, "मी मुंबईतून बुकिंग बघतो सर" म्हणाला. एका रात्रीचे ९,५००, दोन रात्रींचे १९,०००, निम्मे आधी. व्हॉट्सॲपवर फोटो आले आणि त्याखाली ओळ: "बीच फेसिंग. सकाळी गॅलरीतून समुद्रातून उगवणारा सूर्य, अप्रतिम व्ह्यू."

मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. मान वर करून म्हणाली, "अरे, सूर्य समुद्रातून कसा उगवेल? केळशीला तो डोंगरामागून यायचा आणि समुद्रात बुडायचा."

मी काय म्हणालो असेन? "आई, जाहिरातीत असंच लिहितात."

ती "बरं बाबा" म्हणाली आणि पुन्हा मटारांकडे वळली.

हा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. आंघोळ करताना आठवतो, सिग्नलला आठवतो. चौथीच्या पोराला कळतं की आपला समुद्र पश्चिमेला आहे. तीन खाड्यांच्या फेऱ्या मिनिटांत बसवणाऱ्या, ओहोटीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला दिशा कळली नाही! तो फोटो कुठल्यातरी पूर्व किनाऱ्यावरचा असणार. चोराने कोकण पाहिलंच नव्हतं. आणि जिचं बालपण त्या किनाऱ्यावर गेलं तिने पैसे जाण्याआधी पंधरा मिनिटं हे तोंडावर सांगितलं होतं.

माझी बाजूही ऐका. नाताळ ते एकतीस डिसेंबर कोकणात खोली मिळणं म्हणजे काय ते ज्याने पाच ठिकाणी "फुल्ल आहे हो" ऐकलंय त्यालाच कळेल. मी सात ठिकाणी ऐकलं होतं. शिवाय तिकडचा घरगुती धंदा असाच चालतो, ना वेबसाइट, ना छापील पावती. एक फोन, एक यूपीआय, "या तुम्ही". आजवर चार वेळा असेच पैसे पाठवून आम्ही राहून, जेवून आलोय, आणि दर वेळी निघताना पिशवीभर कोकमं मिळाली आहेत. तेव्हा "अनोळखी माणसाला पैसे पाठवलेच कशाला" हे कृपा करून मला सांगू नका.

९ वाजून १० मिनिटांनी ९,५०० पाठवले. पैसे टाकताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं, तर "भावाचं खातं आहे सर". पटलं, कारण कारखान्यातही छोटे पुरवठादार भावाच्या खात्यावर पैसे मागतात आणि मी त्यांना हाकलून देतो. घरी नाही हाकललं. स्क्रीनवरचं नाव आणि घराचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, पुढचं वाचूही नका.

९:२५ ला डिपॉझिट ५,०००, "चेक-आउटला परत".

९:४० ला म्हणाला, रक्कम दोन तुकड्यांत आल्यामुळे बुकिंग लॉक होत नाहीये, एकरकमी १४,५०० टाका, आधीचे १४,५०० पाच मिनिटांत आपोआप परत येतील. हो, टाकले. लिहिताना मलाही वेड्यासारखं वाटतंय. पण तो फोन ठेवूच देत नव्हता. मधूनच दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचा, "हां मॅडम, यांचं कन्फर्म नाही झालं तर तुम्हालाच देतो." माझ्या डोळ्यांसमोर नऊ माणसं आणि सात नकार. फोन ठेवू देत नाही तो माणूस चोर, एवढं लक्षात ठेवा.

१०:०५ ला जीएसटी. १४,५०० वर १८ टक्के, २,६१० रुपये. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी! हे कारखान्यात कुणी बिलात लावलं असतं तर ते बिल मी त्याच्या तोंडावर परत पाठवलं असतं. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या सेवावाल्याला जीएसटी नोंदणीच सक्तीची नाही. दोन-तीन खोल्यांच्या घरगुती मुक्कामाला कसला जीएसटी? मी नंबर विचारला. "बिल चेक-इनला मिळेल सर." आणि मी २,६१० पाठवले.

१०:२० ला 'रिफंड सुरू करण्यासाठी' त्याने आणखी मागितले तेव्हा हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. दोन मिनिटांत त्याचा फोटो गायब, नंबर बंद.

१०:५० ला १९३० लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा तो हेल्पलाइन नंबर. तिथे तक्रार घेतली, पोचक्रमांक आला. पण त्यांनी चारही व्यवहारांचे बारा-बारा आकडी यूपीआय क्रमांक मागितले आणि मी स्क्रीनशॉट शोधत बसलो. तोवर पैसे दुसऱ्या खात्यातून तिसऱ्यात. फोन लावण्याआधी ते क्रमांक कागदावर उतरवा. आणि आधी रडारड नको, आधी १९३०.

सोमवारी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकला ना?" मी हो म्हणालो. "मग हा फ्रॉड नाही, पेमेंट आहे." रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं ग्राहक संरक्षणाचं परिपत्रक मी रात्रभर जागून वाचलं होतं, पण ते आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून गाढवपणा केलेल्यांसाठी नाही. ठीक. निदान अर्ज तरी घ्या? अर्जासोबत एफआयआर हवा म्हणाल्या.

चौकीत गेलो. तिथे एफआयआरसाठी बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट हवं. पुन्हा बँकेत, तर शिक्का ज्यांच्याकडे ते साहेब मीटिंगला. मंगळवारी शिक्का मिळाला, तर चौकीतले कालचे साहेब सुटीवर आणि आजचे म्हणाले, "एकतीस हजार फक्त? परवा एका काकांचे ऐंशी लाख गेले, ते बघा गप्प बसलेत." म्हणजे माझा दोष हा की मी कमी फसलो. मग म्हणाले, "घर रत्नागिरी जिल्ह्यात ना? मग गुन्हा तिकडचा." साहेब, गुन्हा माझ्या घरातल्या सोफ्यावर घडला! मी त्यांना सांगितलं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आरोपी. "वकील आहात का?" "नाही, पर्चेसमध्ये आहे." "मग इथे खरेदी करू नका." शेजारचा हवालदार हसला. मी चार खेपा घातल्या, दोन अर्ध्या रजा टाकल्या, झेरॉक्सचे १४० रुपये वेगळे. आता माझ्याकडे एक अर्ज आहे ज्यावर 'पोचले' असा शिक्का आहे. काय पोचलं, कुठे पोचलं, देव जाणे.

३,४०० रुपये कुठल्याशा खात्यात अडकवून ठेवलेत असं कळवण्यात आलंय. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी सांगितली ५,०००. म्हणजे ३,४०० मिळवायला ५,००० घाला. हे गणित मला चोराच्या गणितासारखंच वाटलं.

चिपळूणच्या एका मित्राने खऱ्या मालकिणीचा नंबर मिळवून दिला. फोन लावला, माझं रडगाणं सुरू करण्याआधीच पलीकडून प्रश्न आले: "किती माणसं? त्यात शाकाहारी किती? मासे आदल्या दिवशी सांगा हो, आणि मोदक हवे असतील तर तेही." तेव्हा दुसरी थप्पड बसली. त्या भामट्याने नऊ माणसांच्या जेवणाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. कोकणातलं घर आणि जेवणाचं विचारत नाही? मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्ही चौथे." आदल्या आठवड्यात सांगलीचं एक कुटुंब सामान घेऊन दारात उभं होतं. काकूंनी त्यांना ओटीवर झोपायला जागा दिली.

घराचा नंबर एका जागेवरून घेऊ नका. गावातल्या दुकानाला, देवळाच्या भक्तनिवासाला फोन करून विचारा, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. व्हिडिओ कॉल करा आणि विहीर दाखवायला सांगा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस मटार सोलताना काही बोललं तर ऐका.

सहल झाली. काकूंकडे जागा नव्हती, त्यांनी जावेकडे सोय लावली, आगाऊ एक पैसा घेतला नाही. केळशीला आई वाळूच्या टेकडीपाशी बराच वेळ उभी होती. सूर्य समुद्रात बुडाला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.

काल सहज त्या ॲपवर चोराचा नंबर शोधला. काकूंच्या घरावरून तो निघालाय. आता हर्णैजवळच्या एका घरावर आहे, तोच केशरी फोटो, तीच ओळ. मी चुकीची माहिती म्हणून कळवलंय, ॲपने "आभारी आहोत" असं उत्तर दिलंय. नंबर अजून तिथेच आहे.