मे ते गणपती उभी राहिलेली मोटारसायकल: स्वतः उघडावी, मेकॅनिक बोलवावा की सर्विस सेंटर गाठावं?

मे महिन्याच्या सुट्टीत चालवलेली गाडी गावच्या पडवीत कव्हर घालून ठेवायची आणि गणपतीला आलं की पुन्हा खळ्यात काढायची, हा कोकणातल्या बऱ्याच चाकरमान्यांचा रिवाज. मधले तीन-साडेतीन महिने म्हणजे नुसती ओल. अशी गाडी रस्त्यावर आणण्याचे मार्ग तीन, आणि बहुतेक जण खर्च बघून त्यातला एक निवडतात. माझं स्पष्ट मत आहे की आधी गाडी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा साध्या यांत्रिक भागात मिसळणारी) आहे की फ्युएल इंजेक्शनची (पंप आणि इलेक्ट्रॉनिक्सने पेट्रोल फवारणारी) ते बघावं. पावसाळ्यात दोघी वेगवेगळ्या ठिकाणी बिघडतात, म्हणून दोघींना हातही वेगळे लागतात. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या आहेत.

कार्ब्युरेटरची गाडी: घर, नाहीतर जुना मेकॅनिक

हिचं दुखणं पेट्रोलमध्ये असतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो बारीक पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारं भोक, बुजवतो. चोक ओढल्यावर गाडी सुरू होते आणि चोक सोडला की बंद पडते, असं झालं तर संशय तिथेच घ्यावा.

पहिला प्रयत्न घरी करण्यासारखा आहे. पेट्रोल कॉक बंद करा, वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा, मग कॉक उघडून टाकीतलंही थोडं त्याच बाटलीत घ्या. हे बघणं महत्त्वाचं आहे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन टाकीच्या तळाशी बसतात. कॉक पेट्रोल घेतो तेही तळातूनच. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा, वरून ताजं पेट्रोल घालून भागणार नाही.

एवढं करूनही चोकशिवाय चालत नसेल तर कार्ब्युरेटर खोलावा लागेल. इथे मी सर्विस सेंटरपेक्षा नाक्यावरच्या जुन्या मेकॅनिकला झुकतं माप देईन, कारण हे काम त्याच्या रोजच्या हातातलं आहे. फक्त पितळी जेटमध्ये तार खुपसू देऊ नका. भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. हवेच्या दाबाने साफ करायला सांगा.

इंजेक्शनची गाडी: आधी बॅटरी, मग सर्विस सेंटर

इथे पेट्रोलचा पंप आणि कंट्रोल युनिट (इंजेक्शन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पार बसली की किक मारून किंवा शेजारच्या पोरांना ढकलायला लावून सहसा काही होत नाही. गाडी टेम्पोत घालण्याआधी बॅटरी काढा: आधी निगेटिव्हची वायर, मग पॉझिटिव्हची. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर इथे वसूल होतो. १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरी ठीक. १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या, आणि ते सावकाश करायला सांगा. चार्ज करून रात्रभर नुसती ठेवल्यावर पुन्हा १२ च्या आसपास उतरली, तर नवीन घेतलेली बरी.

चांगली बॅटरी जोडून चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती आली नाही तर फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल, किंवा इंजिन सुरू होऊनही चेक इंजिनचा दिवा विझत नसेल, तर तिथे आपला हात थांबवावा. उंदरांनी वायर कुरतडलेली असू शकते आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. काही गॅरेजवाल्यांकडेही तो असतो, फोनवर विचारून घ्या. वॉरंटी चालू असेल तर प्रश्नच नाही, सर्विस सेंटर. सर्विसची मुदत किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल त्यावर धरतात. गाडी उभी होती म्हणून ती पुढे ढकलली जात नाही.

दोन्ही प्रकारांत किक किंवा सेल्फ मारण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या डब्यात डोकावा. कुंभारीण माशीचं मातीचं घर किंवा उंदराचा बिछाना तिथे हमखास सापडतो. टायरची हवा आणि चेनचं तेल घरचंच काम.

ब्रेक

इथे पैसे वाचवू नका. डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा, ब्रेक दाबा, सोडा. चाक लगेच मोकळं झालं पाहिजे. डिस्कवरचा पातळ गंज अंगणात हळू चालवून चार वेळा ब्रेक मारला की जातो. पण चाक अडकत असेल, लिव्हर मऊ लागत असेल किंवा ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील, तर मेकॅनिकलाच घरी बोलवा. ब्रेक ऑइलही ओल ओढतं, आणि कुंभार्लीसारखा घाट उतरताना तापून त्यातल्या पाण्याची वाफ झाली की ब्रेक दाबूनही लागत नाही. गणपतीत मेकॅनिक मिळणं अवघड, म्हणून गावी निघण्याआधीच त्याला फोन करून वेळ ठरवा.

पुराचं पाणी लागलं असेल तर

जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारखं पाणी इंजिनपर्यंत चढून गेलं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. चावीसुद्धा फिरवायची नाही. बॅटरी सोडवून गाडी टेम्पोने गॅरेजला न्या. ऑइल दुधाळ दिसत असेल तर आत पाणी गेलंच आहे.

कागद

पीयूसी आणि विम्याच्या तारखा मुंबईतूनच बघून घ्या. विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि मे ते गणपती हा काळ त्याहून मोठा आहे. थर्ड पार्टी विमा नसताना गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेता येत नाही, तेव्हा तो चालू होईपर्यंत मेकॅनिकला खळ्यात आणणं किंवा गाडी टेम्पोत घालून नेणं एवढेच मार्ग उरतात.