डेबियन, फ्रीबीएसडी की ओपनबीएसडी? एकाच टी४८० वर तिघं वापरून बघितले

मशीन एकच, थिंकपॅड टी४८०, सेकंडहँड उचललेला, ८ जीबी रॅम, इंटेल ८२६५ वायफाय आणि दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या, म्हणजे लाईट गेली की हा पण गेला. ह्याच्यावर ह्या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीम (डेबियन म्हणजे लिनक्स, बाकी दोघी युनिक्सच्या बीएसडी घराण्यातल्या) आलटून पालटून वापरल्यात, आणि कोणती टाकू हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लायसन्स, खरं युनिक्स कोणाचं वगैरे वाद रात्री जागून घालायला मस्त असतात, पण घरच्या मशीनचा निकाल दोनच गोष्टी लावतात, वायफायची चिप आणि महावितरण.

ओपनबीएसडीपासून सुरू करतो कारण जीव तिच्यावर आहे. थिओ डी राट नेटबीएसडी ह्या दुसऱ्या बीएसडीच्या टीममधून बाहेर पडला आणि १९९५ मध्ये त्याने ही सुरू केली, आज जगभर बहुतेक लोक दूरच्या सर्व्हरवर ज्या ओपनएसएसएचने लॉगिन करतात ते ह्याच लोकांचं. इन्स्टॉलर निव्वळ अक्षरांचा, बहुतेक प्रश्नांना एंटर दाबत गेलात तरी सिस्टीम नीट उभी राहते. फक्त वायफायचं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्ये नसतं, ते नेटवरून आणावं लागतं आणि नेट यायला वायफाय पाहिजे, म्हणजे झाली का पंचाईत! लॅन केबल नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून टिथरिंग चालू करा, फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो, फर्मवेअर उतरतं आणि पुढे वायफाय एकदम झकास, ८२६५ वर एसी (८०२.११एसी) हा वेगवान वायफाय स्पीड मिळतो. मॅन पेजेस (सिस्टीमसोबत येणारी माहितीची पानं) तर अशी लिहिलीयत की गुगल करायची सवय सुटते.

आता गंमत बघा. फायरफॉक्समधून एका सरकारी साईटवर सातबाऱ्याची पीडीएफ चढवायची होती, फाईल निवडायची खिडकी उघडली तर डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामा! फाईल कुठे जात नाही हो, तिथे फायरफॉक्सला अनव्हील, म्हणजे प्रोग्रामला ठराविक फोल्डरच दाखवणारं कुलूप, लावलेलं असतं, त्याला डाउनलोड्स फोल्डर सोडून तुमचं घर फारसं दिसतच नाही. पीडीएफ तिकडे कॉपी केली की काम होतं. मला हे आवडतं, ब्राउझरने माझ्या सगळ्या कागदपत्रांत नाक खुपसायचं कारणच काय, पण घरातल्या बाकीच्यांना हे समजावताना तोंडाला फेस येतो. शिवाय २०१८ पासून हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) डीफॉल्ट बंद, त्यामुळे आठ थ्रेडवाल्या आय५ चे चारच कामाला लागतात, आणि ब्लूटूथ तर २०१४ लाच काढून टाकलंय, तेव्हा इअरबड्सवाल्यांनी इथूनच रामराम घ्यावा.

पण खरी अडचण लाईटची. ओपनबीएसडीच्या फाईलसिस्टीमला जर्नलिंग, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची आधी नोंद ठेवायची सोय, नाही. धाडकन बंद पडलं की पुढच्या बूटला एफएसचेक (डिस्कची तपासणी) सुरू, डिस्क मोठी असेल तर बसा वाट बघत, आणि जास्त बिघडलं असेल तर ती तिथेच थांबते आणि म्हणते आता तुम्ही स्वतः चालवा. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून कितीदा जाते ते विचारूच नका, मग बिनबॅटरीच्या मशीनवर हे कोण करत बसणार.

इथे फ्रीबीएसडी जिंकते. इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाईलसिस्टीम निवडा, लाईट गेली तरी डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहून सगळं विस्कटत नाही, परत आली की सरळ बूट. बूट एन्व्हायर्नमेंट हा प्रकार तर एकदा वापरला की सोडवत नाही, अपडेटच्या आधी अख्ख्या सिस्टीमची प्रत ठेवायची आणि फसलं तर बूट मेनूतून कालच्या सिस्टीमवर परत. जेल्स, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात कोंडून चालवायची सोय, २००० सालापासून आहेत, तसंच काम करणाऱ्या डॉकरचं नाव कोणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून. रडगाणं वायफायचं होतं, इंटेलची नवी कार्डं वर्षानुवर्षं जुन्या, संथ जी (८०२.११जी) स्पीडवरच अडकलेली, ते २०२५ च्या १४.३ मध्ये सुधारलं, त्याच्या आधीची रिव्ह्यू वाचून मत बनवू नका. आणि हो, नेटफ्लिक्स स्वतःचे व्हिडिओ फ्रीबीएसडीच्या सर्व्हरवरून पाठवतं, पण फ्रीबीएसडीच्या फायरफॉक्समध्ये नेटफ्लिक्स सरळ लागत नाही, कॉपी-संरक्षित व्हिडिओ उघडणारं वाईडवाईन फ्रीबीएसडीसाठी येतच नाही. आहे की नाही कमाल.

डेबियनबद्दल काय लिहायचं, चालते. आवृत्ती १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, इन्स्टॉलर मराठीतून पण आहे, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून निवडला की झालं, ब्लूटूथ, प्रिंटर, मीटिंगा सगळं. कंटाळवाणी आहे आणि आई-बाबांच्या मशीनवर मला तीच पाहिजे.

नेटबीएसडी ह्या लॅपटॉपवर टाकायच्या फंदात पडलो नाही, ती कुठल्या तरी विचित्र जुन्या हार्डवेअरवर चालवण्यात मजा आहे.

माझ्याकडे सध्या टी४८० वर फ्रीबीएसडी, फोटो आणि बॅकअपचा सर्व्हर म्हणून कोपऱ्यात. ओपनबीएसडी राउटरवर, तिथे डिस्क छोटीशी त्यामुळे एफएसचेक चहा उकळायच्या आत संपतो आणि तिच्या पीएफ नावाच्या फायरवॉलचे नियम वाचले तरी कळतात. तुम्ही टाकणार असाल तर आधी डेबियनच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरून बूट करून एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड मारा, वायफाय चिपचं नाव लिहून घ्या आणि ओपनबीएसडी-फ्रीबीएसडीच्या मॅन पेजमध्ये ते शोधा, नसेल तर विषय तिथेच संपवा.