लॅमिनेटखालचा भुसा

बेडरूमचं काम काढणार असाल तर हे वाचूनच इंटिरियर डिझायनरला ॲडव्हान्स द्या. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि नेमकं काय बघायचं हेच मला माहीत नव्हतं, याचा त्रास जास्त होतो.

आम्हाला खोली साधी आणि मॉडर्न हवी होती. हँडल नसलेला वॉर्डरोब, पलंगामागे उभ्या खाचांचं फ्लुटेड पॅनेल, फॉल्स सीलिंगच्या कडेने लपवलेला उजेड. डिझायनरने थ्रीडी चित्रं पाठवली आणि आम्ही त्यांच्या प्रेमातच पडलो. पलंगाच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा, खिडकीशी खुर्ची. प्रत्यक्षात पलंग लागल्यावर एका बाजूने अंग चोरून जावं लागतं आणि खुर्ची मावतच नाही. मग चित्रातली मापं खोलीशी ताडून पाहिली. आमची गादी ७८ बाय ७२ इंचांची, चित्रातला पलंग ६० इंचही रुंद भरेना. पलंग लहान काढला की कुठलीही खोली मोठी दिसते. म्हणून मापं टाकलेला टू-डी प्लॅन मागा, पलंगाचं माप जमिनीवर खडूने आखा आणि त्याच्याभोवती चालून बघा. वॉर्डरोबची डेप्थही विचारा. हँगरवरचा शर्ट नीट राहायला आतून साधारण २२ इंच लागतात. आमच्याकडे दार लावलं की बाह्या चिमटतात.

पण खरा घात मटेरियलमध्ये झाला. कोटेशनमध्ये ‘प्रीमियम वॉटरप्रूफ बोर्ड’ एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, प्लायच ना? “हो मॅडम, एकदम टॉप क्वालिटी,” म्हणत त्यांनी माझ्या हातात प्लायचा तुकडा ठेवला. तुकडा खरोखर चांगला होता. काम मात्र त्यांच्या कारखान्यात झालं आणि पॅनेल घरी आली ती वरून लॅमिनेटचा पातळ सजावटी थर चिकटवून, कडांना पट्टी मारूनच. घरात धूळ नको म्हणून, असं ते म्हणाले. मला ती सोय वाटली.

सहा महिन्यांत वॉर्डरोबचं एक दार कलंडलं. बिजागरीचा स्क्रू पिळायला गेले तर तो नुसताच गरगर फिरला. ओढून काढला तेव्हा त्याच्याबरोबर भोकातून भुसा आला. चिमटीत चोळून पाहिला, कोरडा, पिवळट चुरा. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून, दाबून केलेला बोर्ड! बाथरूमच्या भिंतीकडची खालची कड तर पावासारखी फुगली होती. हा बोर्ड टाकाऊच असतो असं मी म्हणणार नाही, कोरड्या जागी आणि कडा नीट बंद केल्या तर तो चालतो. पण मग सांगून लावा आणि त्याचेच पैसे घ्या.

फोन केला तर उत्तर मिळालं, “तुमच्या भिंतीला ओल आहे.” शेवटचा हप्ता आम्ही देऊन बसलो होतो आणि कागदावर ‘प्लाय’ हा शब्दच नव्हता. भांडणार कशाच्या जोरावर?

कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूपुढे प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) की पार्टिकल बोर्ड, कुठला ग्रेड आणि किती मिलिमीटर हे लिहून घ्या. प्लायचा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड दमटपणा सोसतो, पण तो वॉटरप्रूफ नसतो. पाण्याजवळ बीडब्ल्यूपी, म्हणजे बॉयलिंग वॉटरप्रूफ, ग्रेड लागतो. लॅमिनेट चढण्याआधी कारखान्यात जाऊन कडा बघा, प्लायचे एकावर एक थर स्पष्ट दिसतात. माल बंद होऊनच आला, तर दाराची एक बिजागरी सोडवा. तिची वाटी बसवायला दाराला ३५ मिलिमीटरचं भोक पाडलेलं असतं आणि त्या भोकात लॅमिनेट नसतं. आत थर आहेत की भुसा, ते टॉर्च मारल्यावर लगेच कळतं. हे सगळं शेवटचा हप्ता द्यायच्या आधी करा.

मला हे एका सुताराने नंतर दाखवलं. काल उरलेल्या तिन्ही दारांच्या बिजागऱ्या सोडवून पाहिल्या. तिन्हींत भुसाच आहे.